शहापूर व मुरबाड तालुक्यांतील नृत्यपरंपरा

शहापूर आणि मुरबाड हे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले दोन तालुके होत. या तालुक्यांत आदिवासी आणि बिगर-आदिवासी समाजांचे अनेक नृत्यप्रकार प्रचलित आहेत. तारपानाच, ढोलनाच, गौरीनाच, कांबडनाच, बोहाडा, फुगडी, गोंधळ, लेझीम आणि जत्रेतील तमाशा हे त्यांतील प्रमुख प्रकार आहेत. यांपैकी बहुतेक नाच रंगमंचासाठी निर्माण झालेले नाहीत. शेतीच्या हंगामातील टप्पा, सण, लग्न किंवा ग्रामदेवतेची जत्रा ही त्यांची निमित्ते आहेत. नाचाचे वाद्य, जागा, वेळ आणि आकृती या निमित्तांवरूनच ठरते. त्यामुळे निमित्त बदलले की नाचाचे रूप बदलते आणि निमित्त नाहीसे झाले की पावले पाठ असूनही नाच मागे पडतो. या परिसरातील नृत्यांची उत्पत्ती, त्यांच्या शैलींतील भेद आणि त्यांची आजची स्थिती ही तिन्ही या सूत्राच्या आधारे समजून घेता येतात.

प्रदेश आणि समाज

शहापूर तालुक्याच्या उत्तरेस वाडा व मोखाडा, तर पूर्वेस घाटमाथ्यावरील इगतपुरी व अकोले हे तालुके आहेत. मुरबाड तालुक्याच्या पूर्वेस पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि दक्षिणेस रायगड जिल्ह्यातील कर्जत हे तालुके येतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्या वेळी जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी इत्यादी आदिवासीबहुल तालुके ठाणे जिल्ह्यातून बाहेर पडले आणि उरलेल्या जिल्ह्यात शहापूर व मुरबाड हे मोठी आदिवासी वस्ती असलेले तालुके राहिले. नृत्यपरंपरांना मात्र ही प्रशासकीय सीमा लागू पडत नाही. शहापूरच्या उत्तरेकडील पाड्यांचे नातेसंबंध, देवदेवता आणि वाद्ये मोखाडा-जव्हार भागाशी जुळतात, तर मुरबाडच्या पूर्वेकडील गावांवर घाटमाथ्याची छाप दिसते.

शेणवा, किन्हवली, डोळखांब यांसारख्या गावांच्या परिसरात वस्तीची एक ठरावीक रचना आढळते. मुख्य गावठाणात कुणबी, आगरी, मराठा इत्यादी समाज राहतात. गावाभोवती किंवा डोंगराच्या कडेला ठाकूर, महादेव कोळी, कातकरी आणि काही भागांत वारली समाजाच्या वाड्या व पाडे असतात. ठाकूर समाजाच्या म-ठाकूर आणि क-ठाकूर अशा दोन शाखा आहेत. कातकरी समाजाची महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणना होते. कोलाम आणि माडिया गोंड हे या वर्गातील राज्यातील अन्य दोन गट होत. एकाच ग्रामपंचायतीच्या हद्दीत तीन-चार समाज राहत असल्यामुळे एकाच सणाला शेजारशेजारच्या वस्त्यांत वेगवेगळे नाच पाहावयास मिळतात.

नाचांची नावे

शास्त्रीय नृत्यप्रकारांच्या नावांतून प्रदेश, ग्रंथपरंपरा किंवा कथनाची कला सूचित होते. या परिसरातील आदिवासी नाचांची नावे बहुधा दोनच गोष्टींवरून पडलेली आहेत. काही नावे वाद्यावरून आली आहेत, उदाहरणार्थ तारपानाच, ढोलनाच, तूरनाच. काही नावे सणावरून आली आहेत, उदाहरणार्थ गौरीनाच, होळीचा नाच. बोलीत ‘नृत्य’ हा शब्द फारसा आढळत नाही, ‘नाच’ हाच शब्द वापरला जातो. ही नावे वर्गीकरणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. कोणत्या वाद्यावर आणि कोणत्या दिवसांत, या दोन प्रश्नांची उत्तरे नावातच मिळत असल्यामुळे अभ्यासकाला वेगळी चौकट बाहेरून आणावी लागत नाही.

‘आदिवासी नृत्य’, ‘लोकनृत्य’ आणि ‘शास्त्रीय नृत्य’ ही पाठ्यपुस्तकांतील विभागणी सोयीची असली तरी तिला मर्यादा आहेत. गौरीनाच आदिवासी वाड्यांत होतो, तसाच कुणबी वस्तीतही होतो. बोहाड्यात सोंग घेणारे आणि वाजवणारे अनेकदा वेगवेगळ्या समाजांतील असतात. लेझीम हा प्रकार आखाड्यातून शाळेच्या मैदानावर आला आणि आता तो कोणत्याच एका समाजाचा राहिलेला नाही.

शेतीचा हंगाम आणि नाचांचे वेळापत्रक

या तालुक्यांतील मुख्य पीक भात असून उतारावरील जमिनीत नागली व वरी घेतली जाते. उन्हाळ्यात राब भाजणे, पावसाच्या आरंभी पेरणी, आषाढ-श्रावणात आवणी (रोपांची पुनर्लागवड), आश्विन-कार्तिकात कापणी आणि त्यानंतर खळ्यावरील झोडणी असा शेतीचा क्रम आहे. नाचांचे वेळापत्रक या क्रमाशी बांधलेले आहे.

आवणीच्या दिवसांत नाच जवळजवळ नसतो, कारण घरातील सर्व माणसे दिवसभर चिखलात राबत असतात. आवणी आटोपून भात वाढीला लागले की भाद्रपदात गौरी-गणपतीचा सण येतो. पीक शेतात उभे असल्यामुळे हाताला थोडी उसंत असते आणि या काळात गौरीनाच व फुगड्या होतात. भात पिकू लागल्यापासून तारप्याचे दिवस सुरू होतात. आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस येते. गुरे राखणारे लोक या दिवशी वाघदेवाची पूजा करतात. माघ-फाल्गुनात शेत रिकामे होते आणि शिमग्यात ढोल वाजू लागतात. चैत्र-वैशाखात लग्नसराई आणि ग्रामदेवतांचे उत्सव असतात. बोहाड्याचा काळही हाच असतो. मृगाचा पाऊस जवळ आला की हे चक्र पूर्ण होते.

यातील काही बंधने श्रद्धेची आहेत. देवाला नवे धान्य दाखवण्यापूर्वी ते खाऊ नये असा नेम अनेक समाजांत असतो. त्याचप्रमाणे विशिष्ट वाद्य विशिष्ट काळाबाहेर वाजवू नये असा संकेतही आढळतो. हंगामाचे वाद्य वाजू लागणे ही पीक हाती येत असल्याची सार्वजनिक घोषणाच असते.

तारपानाच

तारपानाच हा प्रामुख्याने वारली समाजाचा नाच म्हणून ओळखला जातो. तथापि कोकणा, मल्हार कोळी आणि ठाकूर समाजांतही तारपा वाजवला जातो. जव्हार, विक्रमगड आणि डहाणू हे त्याचे मुख्य क्षेत्र असून शहापूर तालुक्याचा उत्तर भाग त्या क्षेत्राच्या कडेला येतो.

तारपा हे फुंकून वाजवण्याचे वाद्य आहे. वाळवून पोखरलेला दुध्या भोपळा हा त्याचा हवेचा कोठा असतो. त्यात बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. नळ्यांच्या भोपळ्यातील टोकांना पातळ जिभाळ्या असतात आणि बाहेरील भागावर बोटांसाठी छिद्रे असतात. खालच्या टोकाला ताडाच्या पानांचा पसरट कर्णा जोडलेला असतो. सर्व सांधे मधमाश्यांच्या मेणाने बुजवतात. भोपळ्याचा कोठा आणि दोन नळ्या ही रचना गारुड्याच्या पुंगीतही आढळते, मात्र तारप्याचा कर्णा आणि त्यामुळे मिळणारा भरदार, घुमणारा आवाज पुंगीत नसतो. वादक नाकाने श्वास घेत असताना गालांत साठवलेली हवा भोपळ्यात सोडत राहतो. त्यामुळे सूर तुटत नाही आणि एकच वादक बराच काळ अखंड वाजवू शकतो.

अखंड सुराचा हा गुण नाचाच्या रचनेतही उतरलेला आहे. स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेमागून हात गुंफून साखळी करतात आणि वादकाभोवती फिरत राहतात. पावले जमिनीलगत पडतात, गुडघे किंचित वाकलेले असतात आणि शरीरे एकत्र डोलतात. साखळीचे एक टोक मोकळे असते. त्यामुळे वर्तुळ पूर्ण बंद न होता नागाच्या वेटोळ्याप्रमाणे आत-बाहेर वळते. साखळीच्या अग्रभागी असणाऱ्या नर्तकाच्या हातात घुंगुरकाठी असते. ती जमिनीवर आपटून तो पावलांचा ठेका राखतो. नाचणाऱ्यांनी तारप्याकडे पाठ करायची नाही असा संकेत आहे.

तारप्यावरील सुरावटीला ‘चाळा’ म्हणतात. वादकाने चाळा बदलला की पावलेही बदलतात. म्हणजे या नाचातील बदल आधी ठरवलेल्या क्रमाने होत नाहीत. केव्हा गती वाढवायची आणि केव्हा उतरवायची, हे वादक नाचणाऱ्यांकडे पाहून ठरवतो आणि नाचणारे वादकाचा सूर ऐकून त्याला प्रतिसाद देतात. दमलेला माणूस साखळीतून बाहेर पडतो आणि दुसरा तिच्यात शिरतो. त्यामुळे नर्तक व प्रेक्षक असा कायमचा भेद राहत नाही आणि नाच रात्रभरही चालू शकतो. लहान मूल साखळीच्या मोकळ्या टोकाला लागून पावले शिकते. या नाचाचे शिक्षण स्वतंत्रपणे दिले जात नाही, ते नाचातच होते.

ढोलनाच आणि तूरनाच

ढोलनाचात सुराऐवजी आघाताला प्राधान्य असते. मोठे ढोल गळ्यात अडकवून काठीने व हाताने वाजवले जातात आणि त्यांना थाळी किंवा झांजेची साथ असते. तुटक, जोरकस ठेक्यामुळे पावलेही तशीच पडतात. उडी, गिरकी, खाली बसून उठणे आणि एकदम दिशा बदलणे या हालचाली यात ठळक असतात. वादक स्वतःही ढोलासह नाचतात. काही पथके नाचाच्या अखेरीस एकमेकांच्या खांद्यांवर उभे राहून मनोरे रचतात. तूरनाचात तूर हे चामड्याने मढवलेले वाद्य आणि धातूची थाळी यांची जोडी असते. हा नाच विशेषतः लग्नप्रसंगी होतो.

तारपानाच आणि ढोलनाच यांची तुलना केल्यास वाद्याचा शैलीवर होणारा परिणाम स्पष्ट होतो. अखंड सुरावर चालणारा नाच सरकत्या पावलांचा आणि हात गुंफलेला असतो. आघातावर चालणाऱ्या नाचात शरीर मोकळे सोडावे लागते, म्हणून हातांची साखळी टिकत नाही.

शिमग्याच्या दिवसांत ढोल किंवा ढोलकी घेऊन घरोघरी नाचत जाण्याची आणि पोस्त मागण्याची पद्धत या भागात आहे. कातकरी समाजात शिमगा हा वर्षातील महत्त्वाचा सण मानला जातो. पूर्वी खैरापासून कात काढण्यावर उपजीविका असलेल्या या समाजाकडे शेतजमीन अल्प असल्यामुळे त्याचे नाच पिकाच्या खळ्यापेक्षा होळीच्या अंगणाशी अधिक जोडलेले राहिले.

गौरीनाच, कांबडनाच आणि फुगडी

भाद्रपद शुक्ल पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. कोकणात अनेक घरांत गौरी मूर्तीच्या रूपात नसून रानातील तेरड्याच्या रोपांच्या रूपात आणली जाते. या दिवसांत स्त्रिया रात्री अंगणात किंवा ओसरीवर फेर धरून गाणी म्हणतात. माहेर, सासर, भाऊ, पाऊस आणि शेत हे गाण्यांचे नेहमीचे विषय असतात. गाणी दोन गटांत म्हटली जातात. एक गट ओळ उचलतो, दुसरा ती झेलतो आणि पावले त्या देवघेवीवर पडतात. ठाकूर व अन्य आदिवासी समाजांत पुरुषही ढोलाच्या साथीने गौरीनाच करतात. त्यांचा फेर अधिक वेगवान असतो.

कांबडनाच हा ठाकूर समाजाचा नाच असून त्यात गाण्याला मोठे स्थान आहे. गीते ठाकुरी बोलीत असतात. त्यामुळे हा नाच त्या बोलीच्या जतनाचेही साधन ठरतो. फुगडी आणि झिम्मा हे प्रकार महाराष्ट्रभर प्रचलित आहेत. त्यांना वाद्य लागत नाही, कारण टाळी, श्वासाचा फुत्कार आणि पायांचा आवाज हीच त्यांची साथ असते. वादकाची गरज नसल्यामुळे स्त्रिया हे नाच पुरुषांच्या साहाय्याविना करू शकतात.

बोहाडा

बोहाडा हे मुखवट्यांचे नृत्यनाट्य असून मोखाडा-जव्हार परिसर, शहापूर तालुक्याचा काही भाग आणि नाशिक जिल्ह्याचा लगतचा प्रदेश येथे ते सादर होते. काही ठिकाणी त्याला भवाडा असेही म्हणतात. मोखाड्याचा बोहाडा विशेष प्रसिद्ध आहे. होळीनंतरच्या काळात ग्रामदेवतेच्या उत्सवात काही रात्री सोंगे निघतात. गणपती, मोरावर बसलेली सरस्वती, रामायण-महाभारतातील पात्रे आणि स्थानिक देवता यांचे मुखवटे घालून कलाकार संबळ व पिपाणीच्या तालावर मशालींच्या उजेडात नाचतात. शेवटी देवी आणि महिषासुर यांचे युद्ध होते.

मुखवटा जड असतो आणि चेहरा पूर्ण झाकतो, म्हणून येथे मुखाभिनयाला वाव नाही. पात्राचा स्वभाव चालण्यातून, मानेच्या झटक्यातून आणि पावलांच्या वजनातून दाखवावा लागतो. पूर्व भारतातील मुखवटाधारी छाऊ नृत्यातही हीच अडचण आणि हाच उपाय दिसतो. सोंगे अनेक गावांत ठरावीक घराण्यांकडे असतात. सोंग घेणे हा मान असतो आणि अनेकदा तो नवस फेडण्याचाही मार्ग असतो. त्यामुळे नोकरीनिमित्त शहरात गेलेली माणसेही बोहाड्याच्या रात्री गावी परत येतात.

घाटमाथ्यावरून आलेले प्रकार

नाणेघाट, माळशेज आणि थळघाट यांमुळे हा प्रदेश फार पूर्वीपासून देशाशी जोडलेला आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख या वाहतुकीच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात. धान्य, घोंगड्या आणि गुरे यांच्याबरोबर कलावंतही या वाटांनी खाली उतरले. लग्नानंतर घातला जाणारा गोंधळ, कीर्तन-भारूड आणि तमाशा हे प्रकार अशा संपर्कातून येथे रुजले.

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील खांबलिंगेश्वराची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. गुरांचा मोठा बाजार हे तिचे वैशिष्ट्य आहे. भात झोडून झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो त्याच सुमारास ही यात्रा येत असल्यामुळे तमाशाचे फड येथे तंबू ठोकतात. माळशेज घाटाच्या वर असलेले जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशा फडांचे प्रमुख केंद्र असून विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) या ख्यातनाम तमाशा कलावतीचे नाव त्या गावाशी जोडलेले आहे. तमाशातील लावणीत नाच व्यावसायिक कलावंत करतो आणि प्रेक्षक तिकीट काढून समोर बसतो. तारप्याच्या साखळीत असा भेद नसतो. या दोन्ही पद्धती एकाच तालुक्यात, एकाच हंगामात नांदतात.

कोळीनृत्याविषयी होणारा गैरसमज

शालेय कार्यक्रमांत लोकप्रिय असलेले ‘कोळीनृत्य’ हे समुद्रकिनाऱ्यावरील मासेमार कोळी समाजाच्या जीवनावर आधारलेले आहे. वल्हवणे, जाळे टाकणे आणि लाटांवर हेलकावणे या त्यातील हालचाली मासेमारीतून आल्या आहेत. शहापूर-मुरबाडमधील महादेव कोळी हा डोंगराळ भागातील शेतकरी आदिवासी समाज आहे. नावातील साम्यामुळे हे नृत्य महादेव कोळ्यांचे पारंपरिक नृत्य असल्याचा समज आढळतो, परंतु त्याला आधार नाही.

इतर नृत्यपरंपरांशी तुलना

मध्यभागाभोवती फेर धरण्याची कल्पना जगात सर्वत्र आढळते. गुजरातमधील गरबा दिव्याभोवती किंवा देवीच्या प्रतिमेभोवती फिरतो. रोमानियातील होरा आणि दक्षिण स्लाव लोकांमधील कोलो हे हात धरून करावयाचे फेराचे नाच आहेत. तारपानाचात मध्यभागी प्रतिमा नसून वाद्य आणि वादक असतो, हे त्याचे वेगळेपण आहे.

गावातील नाच नव्या जागी गेल्यावर त्याचे रूप कसे बदलते, याचीही अनेक उदाहरणे आहेत. वॉल्ट्‌झ हा युरोपीय नृत्यप्रकार ऑस्ट्रिया व दक्षिण जर्मनीतील ग्रामीण गिरकीच्या नाचांतून घडून व्हिएन्नाच्या नृत्यगृहांत पोहोचला. ब्युनोस आयर्स व माँटेव्हिडिओ येथील श्रमिक वस्त्यांत वाढलेला टँगो पुढे जगभर गेला आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. त्याच यादीत छाऊ नृत्याचा २०१० मध्ये आणि गरब्याचा २०२३ मध्ये समावेश झाला.

भारतातील सर्वांत बोलके उदाहरण भरतनाट्यमचे आहे. मंदिर आणि दरबार यांच्याशी निगडित असलेले देवदासींचे सदिर नृत्य विसाव्या शतकात आपली मूळ निमित्ते गमावून बसले. १९४७ मध्ये मद्रास प्रांतात देवदासी प्रथेला कायद्याने बंदी झाली. त्यापूर्वीच हे नृत्य भरतनाट्यम या नावाने रंगमंचावर स्थिरावू लागले होते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या कलाक्षेत्रासारख्या संस्थांनी त्याला अभ्यासक्रम, गुरू आणि विद्यार्थी मिळवून दिले. मात्र या प्रक्रियेत पारंपरिक देवदासी कलावतींचे स्थान मागे पडले. जुने निमित्त गेले तरी नवे निमित्त आणि नवी शिक्षणव्यवस्था मिळाल्यास नृत्य टिकू शकते, परंतु ते कोणाच्या हाती राहील हे त्यासोबत बदलू शकते, असे या इतिहासावरून दिसते.

चित्रे आणि ग्रंथांतील नोंदी

तारपानाचाची सर्वाधिक परिचित प्रतिमा वारली चित्रांत आढळते. दोन त्रिकोण टोकाला जोडून रेखाटलेल्या मानवाकृतींचे वेटोळे आणि त्याच्या मध्यभागी तारपावादक, ही आकृती जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्यासारख्या चित्रकारांमुळे जगभर पोहोचली. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. आज ही आकृती भिंती, कापड आणि भेटवस्तूंवर सर्रास दिसते. तारप्याचा प्रत्यक्ष आवाज ऐकलेल्या लोकांची संख्या मात्र त्या मानाने फार थोडी आहे.

या भागातील आदिवासी समाजांचे वर्णन करणाऱ्या इंग्रजी ग्रंथांत अ. ना. वेलिंग यांचा ‘द कातकरीज’ (१९३४), के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ (१९४५) आणि ल. ना. चापेकर यांचा ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ (१९६०) हे महत्त्वाचे आहेत. पुणे येथील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून कार्यरत असून तिच्या संग्रहालयात आदिवासी वाद्ये व मुखवटे पाहावयास मिळतात.

सद्यःस्थिती

या परिसरातील सर्व नाच सारख्याच वेगाने मागे पडत आहेत असे नाही. गौरी-गणपतीच्या वेळी शहरात काम करणारी माणसे गावी येतात, त्यामुळे गौरीनाच व फुगड्यांना माणसे मिळतात. बोहाड्याला ग्रामदेवतेच्या उत्सवाचा आणि घराण्याच्या मानाचा आधार आहे. खळ्यावरील नाचांची स्थिती निराळी आहे. दिवाळीनंतर कातकरी व इतर आदिवासी कुटुंबे भिवंडी, कल्याण इत्यादी भागांतील वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हिवाळा आणि उन्हाळा या नाचांच्या मुख्य काळातच वाड्या ओस पडतात. लग्न व हळदीच्या समारंभांत बेंजो पथके आणि डीजे यांनी तूर, थाळी व धवळे यांची जागा बऱ्याच प्रमाणात घेतली आहे.

नवी निमित्तेही निर्माण झाली आहेत. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन म्हणून घोषित केला. या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी निघणाऱ्या मिरवणुकांत तारपा आणि ढोल आघाडीवर असतात. पंचांगानुसार हे आवणीच्या सुमाराचे दिवस असतात. म्हणजे पूर्वी जे वाद्य पीक पिकल्याची खूण होते, ते येथे समाजाच्या अस्मितेची खूण म्हणून हंगामाबाहेर वाजते. आश्रमशाळांची स्नेहसंमेलने, आदिवासी विकास विभागाचे महोत्सव आणि नृत्यस्पर्धा यांनीही तरुणांना नाच शिकण्याचे कारण दिले आहे.

रंगमंचावर नाचाच्या रचनेत काही ठरावीक बदल होतात. प्रेक्षक एकाच बाजूला बसलेले असल्यामुळे वर्तुळ उघडून अर्धवर्तुळ किंवा रांग होते. वादक मध्यभागातून कडेला सरकतो. अवधी काही मिनिटांचा असल्यामुळे चाळ्यांचा क्रम आधीच ठरवला जातो आणि वादक व नर्तक यांच्यातील तत्काळ संवादाला जागा उरत नाही. वेशभूषा एकसारखी केली जाते. संख्या ठरलेली असल्यामुळे साखळीत मध्येच कोणी शिरू शकत नाही. पावले तीच राहतात, परंतु लहान मुलांना साखळीच्या टोकाला लागून शिकण्याची सोय नाहीशी होते.

वाद्यनिर्मिती हा आणखी एक प्रश्न आहे. तारप्यासाठी योग्य आकाराचा भोपळा मुद्दाम वाढवावा आणि वाळवावा लागतो. जिभाळीची जाडी, नळ्यांचे परस्परांशी जुळणारे सूर आणि मेणाचे सांधे यांचे ज्ञान वादकाकडेच असते, कारण बहुतेक वादक आपला तारपा स्वतः बनवतात. ध्वनिमुद्रणावर पावले शिकवता येतात, पण वादक घडवता येत नाही. म्हणून या नृत्यपरंपरेच्या जतनाचा विचार करताना नाचणाऱ्यांच्या पथकांइतकेच वाद्य बनवणाऱ्या व वाजवणाऱ्या व्यक्तींकडे, आणि नाचाच्या दिवसांत वाडीत माणसे राहू शकतील अशा स्थानिक रोजगाराकडेही लक्ष देणे आवश्यक ठरते.